एका कानात पुढचं गाणं

नाइटक्लबमधल्या डीजेचा कुठलाही फोटो काढून बघा. हेडफोन असतो, पण तो कधी धड डोक्यावर नसतो. एक कप कानावर, दुसरा कानामागे सरकवलेला. नाहीतर अख्खा हेडफोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला आणि मान वाकडी. बघणाऱ्याला ती ऐट वाटते, आणि थोडीफार असतेही. पण त्या वाकड्या मानेमागे पक्कं कारण आहे. झाकलेल्या कानात जे गाणं वाजत असतं, ते हॉलमधल्या दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नसतं. चारशे माणसं आत्ताच्या गाण्यावर नाचत असतात आणि हा एकटा माणूस एका कानाने आत्ताचं, दुसऱ्याने पुढचं, अशी दोन गाणी एकाच वेळी ऐकत असतो. दोघांचे ठेके एकमेकांवर बसले की सावकाश आवाजाचा एक फेडर वर, एक खाली. गाणं बदललं एवढं नाचणाऱ्याला कळतं. नेमकं केव्हा, ते त्याला सांगता येत नाही.

या ठेके बसवण्यात किती बारकावा आहे, ते आकडे मांडल्याशिवाय पटत नाही. समजा, चालू गाणं मिनिटाला १२४ ठोक्यांचं आहे आणि पुढचं १२४.५ ठोक्यांचं. फरक मिनिटाला अर्ध्या ठोक्याचा, म्हणजे नगण्य. पहिल्या गाण्यात एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत ४८३.९ मिलिसेकंद जातात, दुसऱ्यात ४८१.९. दर ठोक्याला दोन मिलिसेकंदांची तफावत. पहिला ठोका अगदी एकावर एक पडला असं धरू. आठ ठोक्यांनी अंतर साडेपंधरा मिलिसेकंद होतं, सोळा ठोक्यांनी एकतीस. एवढं व्हायला आठ सेकंदसुद्धा लागत नाहीत. दोन टोकदार आवाज अगदी लगोलग आले तर आपला कान त्यांचा एकच आवाज करून टाकतो. अंतर वीस-तीस मिलिसेकंदांवर गेलं की तो आवाज फाटतो, ‘धप’चं ‘ध-धप’ होतं. पाय अडखळतात, आणि ज्याला संगीतातलं काडीचं कळत नाही तोही मान वळवून बूथकडे बघतो. डीजेंच्या बोलीत याला ट्रेनरेक म्हणतात.

शिकणाऱ्याची पंचाईत वेगळीच असते. ठेके सुटायला लागलेत हे त्याला लवकर कळायला लागतं, पण दोघांपैकी पुढे कोण पळतंय आणि मागे कोण राहतंय, ते काही केल्या कळत नाही. यावर जुन्या डीजेंचा तोडगा साधा आहे. अंदाजाने कुठल्या तरी एका बाजूला ढकला. हेडफोनमधलं गाणं मुद्दाम किंचित पुढे रेटा. बिघाड वाढला तर उलट दिशेने जा. असं करत करत कान आवाज फाटण्याच्याही आधीची खूण ओळखायला शिकतो. दोन ठोके थोडेसेच सरकले की ठोक्याचा भरीवपणा जातो, तो पोकळ लागायला लागतो. मुरलेला डीजे दुरुस्ती तिथेच करतो, रेकॉर्डच्या कडेला बोट टेकवून. काही बिघडणार होतं, याचा हॉलला पत्ताही नसतो.

मग उघडा कान कशासाठी? हॉलमधलं गाणं ऐकायला, हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर कापायला त्याला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. मोठे स्पीकर बूथपासून दहा मीटरवर असतील, तर त्यांचा आवाज डीजेपर्यंत २९ मिलिसेकंद उशिरा येतो. हेडफोनमधलं गाणं मात्र तत्क्षणी कानात असतं. त्या उशिरा आलेल्या आवाजावर पुढचं गाणं बसवलं तर बसवलेलं सगळं २९ मिलिसेकंदांनी चुकलेलं असेल, आणि फाटलेला आवाज साऱ्या हॉलला ऐकू जाईल. म्हणून डीजेच्या कानाशी एक वेगळा स्पीकर लावतात, बूथ मॉनिटर. नव्या जागी वाजवायला गेलेला जाणता डीजे आधी तो तपासतो, ओळखीपाळखी नंतर.

याच हिशेबातून आणखी एक गंमत निघते. स्पीकरच्या पुढ्यात नाचणाऱ्याला जो ठोका आत्ता ऐकू येतो, तोच वीस मीटर मागे भिंतीला टेकलेल्याला अठ्ठावन्न मिलिसेकंदांनी ऐकू येतो. दोघंही अचूक तालात असतात, आणि दोघांचे पाय एकत्र पडत नसतात.

हे तंत्र अमक्याने शोधलं असं छातीठोक म्हणणं अवघड. पण १९७०च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस ग्रासो नावाचा तरुण ते रात्रीमागून रात्री करून दाखवत होता. जागा होती मॅनहॅटनमधल्या वेस्ट ४३व्या रस्त्यावरचं एक जुनं जर्मन बाप्टिस्ट चर्च. त्याचा ‘सँक्च्युअरी’ नावाचा क्लब झाला होता आणि डीजेची टर्नटेबलं मांडलेली होती थेट वेदीच्या जागी. (१९७१च्या ‘क्लूट’ या हॉलिवूडपटात हा क्लब बघायला मिळतो.) तोवर रिवाज असा, की एक गाणं संपलं की दुसरं लावायचं, मधल्या फटीत नाचणारे पांगायचे. ग्रासोने ती फट बुजवली. रेकॉर्डखाली फेल्टची गोल चकती घालायची आणि मोटर चालूच ठेवायची. खालची तबकडी गरगर फिरत राहते, वरची रेकॉर्ड बोटाने धरून ठेवलेली असते आणि सुई पहिल्या ठोक्याच्या अगदी तोंडाशी उभी असते. बोट उचललं की गाणं त्या क्षणी सुरू. रेडिओवाल्यांना ही युक्ती माहीत होती. नाचाच्या हॉलमध्ये ती रुजवली ग्रासोने. त्याची एक जोडी अजून सांगितली जाते: ‘शिकागो’ बँडच्या ‘आय ॲम अ मॅन’मधले ड्रम आणि त्यावर लेड झेपलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’मधला कल्लोळ, दोन्ही एकत्र, बराच वेळ. लक्षात घ्या, ही दोन्ही गाणी हाडामांसाच्या ड्रमरांनी वाजवलेली होती. माणूस वाजवतो तेव्हा रंगात आला की पुढे पळतो, आणि सैलावला की मागे रेंगाळतो. ग्रासो दोन हलत्या लयी एकमेकींना धरून ठेवत होता.

त्यासाठी आधी मुळात पुढचं गाणं एकट्याला ऐकता यायला हवं. हॉलला एक आणि हेडफोनला दुसरं, अशी सोय असणारा मिक्सर डीजेंसाठी तयार मिळतच नव्हता. तो १९७१च्या सुमारास बनवणाऱ्यांत ॲलेक्स रोझनर हा ध्वनी अभियंता आघाडीवर होता. लाल रंगाच्या त्या पेटीला ‘रोझी’ असं लाडाचं नाव पडलं. रोझनर लहानपणी वडिलांबरोबर आउश्वित्झच्या छळछावणीतून जिवंत सुटलेला, वडील व्हायोलिनवादक. त्या मुलाने मोठेपणी न्यूयॉर्कच्या रात्रींचा आवाज घडवला, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

पुढची मोठी गोष्ट जपानमधून आली, आणि तीही डीजेंसाठी नव्हतीच. मात्सुशिता कंपनीने १९७२ साली टेक्निक्स एसएल-१२०० हे टर्नटेबल काढलं ते घरी निवांत बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी. तेव्हाच्या बऱ्याच टर्नटेबलांत मोटर रबरी पट्ट्याने तबकडी फिरवायची, त्यामुळे बोटाने अडवून सोडलं की वेग पकडायला वेळ जायचा. टेक्निक्समध्ये तबकडी थेट मोटरवर बसवलेली. १९७९च्या एमके-२ आवृत्तीत उजव्या हाताला लांब सरकपट्टी आली: वेग आठ टक्क्यांपर्यंत वाढवा, नाहीतर कमी करा. तबकडीच्या कडेला ठिपक्यांच्या रांगा आणि शेजारी दिवा. वेग बरोबर असला की ठिपके जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. पुढची तीसेक वर्षं जगभरच्या क्लबांत हेच यंत्र होतं.

सरकपट्टीची एक अडचण मात्र होती. रेकॉर्ड जोरात फिरवली की नुसती लय वाढत नाही, सूरही चढतो. सहा टक्क्यांना जवळपास अर्धा स्वर. म्हणजे पांढरी एकमधलं गाणं काळी एकमध्ये गेलं! ढोल-ताशाचं यात फारसं बिघडत नाही, गायिकेचं बिघडतं. म्हणून जुने डीजे गाण्यांच्या जोड्या मुळातच जवळच्या लयीच्या लावायचे, दोन-तीन टक्क्यांच्या पलीकडे जायला कचरायचे. आता संगणक लय आणि सूर वेगवेगळे करतो. एक बटण दाबलं की वेग बदलतो, पट्टी तीच राहते.

रेकॉर्ड वाचताही येते. ढोल आणि बास भरून असलेल्या जागी तिचे चर फिके, करडे दिसतात, शांत जागी काळेभोर; त्यामुळे ‘ब्रेक’, म्हणजे बाकी वाद्यं थांबून नुसता ठेका उरतो ती जागा, कुठे आहे ते अंधुक उजेडातही दिसतं. रेकॉर्ड मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते. गाणं मिनिटाला बरोबर १३३ आणि एक तृतीयांश ठोक्यांचं असेल, तर एका फेऱ्यात नेमके चार ठोके बसतात, आणि प्रत्येक बारचा पहिला ठोका दर वेळी रेकॉर्डवर त्याच दिशेला येतो. ताल चक्क डोळ्यांसमोर फिरतो. ब्राँक्समध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने सत्तरच्या दशकात रेकॉर्डवर रंगीत खडूने खुणा करून घेतल्या होत्या. खुणेचा काटा कुठे आलाय ते बघून तो रेकॉर्ड तेवढे फेरे उलटी फिरवायचा आणि तोच ढोलाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा.

बारा इंची सिंगलचा जन्म तर निव्वळ अडचणीतून झाला. टॉम मोल्टन हा गाणी नाचासाठी लांबवून द्यायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एकदा स्टुडिओत सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या होत्या म्हणून त्याचं गाणं मोठ्या चकतीवर कापलं गेलं. एवढ्या मोठ्या चकतीवर एवढीशी चिंचोळी पट्टी कशी दिसणार, म्हणून चर ऐसपैस पसरले. वाजवून बघतात तो काय, आवाज दणदणीत. कारण उघड आहे. खर्जाच्या आवाजाला चर डावी-उजवीकडे मोठे हेलकावे घेतो; दाटीवाटीने कापलेल्या छोट्या रेकॉर्डवर त्याला तेवढी जागाच नसते, म्हणून खर्ज छाटावा लागतो. १९७६मध्ये सॅलसोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गटाचं ‘टेन पर्सेंट’ बारा इंचांवर थेट दुकानात विकायला काढलं. वॉल्टर गिबन्स या डीजेने ते ताणून नऊ मिनिटांच्या पुढे नेलं होतं. आता डीजेच्या हाती खर्जही आला आणि वेळही.

वेळ का हवा, ते सांगायला तबल्याकडे जावं लागतं. क्लबमधल्या बहुतेक गाण्यांत चार ठोक्यांचा एक बार, आणि आठ बारांचं म्हणजे बत्तीस ठोक्यांचं एक आवर्तन असतं. दर बत्तिशीला काहीतरी हलतं: झांज आत येते, बास बाहेर जातो, गायिका सुरू होते. पुढचं गाणं सोडायचं ते या आवर्तनाच्या समेवर. ठोके अगदी तंतोतंत जुळलेत, पण पुढचं गाणं एकोणिसाव्या ठोक्यावर सोडलं, तर पाचव्या मात्रेला सम दाखवणाऱ्या गवयासारखी गत होते. लयीत चूक काढता येत नाही आणि तरी सगळं बिनसलेलं असतं. इकडे गायिका अर्ध्या ओळीत, तिकडे दुसऱ्या गाण्याचा धमाका. म्हणूनच डीजेंसाठी काढलेल्या आवृत्त्यांत सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका ठेवतात. रेडिओवर तो कंटाळवाणा वाटेल, पण दोन गाण्यांची गाठ मारायला तेवढी मोकळी दोरी लागते.

ही समेची ओढ किती आतून येते, याचा एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. हंगेरी आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना एक ठेका ऐकवला आणि मधूनच समेचा ठोका गाळला. बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींनी लगेच नोंद केली की अपेक्षित काहीतरी आलं नाही.

आता खर्जाकडे. मी एका पुण्यातल्या डीजे मित्राच्या पाठीशी उभा राहून त्याचे हात बघत होतो, तेव्हा वाटलं होतं की सगळी करामत फेडरमध्ये असेल. फेडर त्याने वर नेला, पण हॉलमध्ये काहीच बदललं नाही. कारण पुढच्या गाण्याचा लो-चा नॉब त्याने आधीच पुरता डावीकडे फिरवून ठेवला होता. नव्या गाण्याची झांज आणि टाळी तेवढी हळूच पहिल्यात मिसळली. तो ओठ न हलवता मोजत होता, एवढं मात्र मानेवरून कळत होतं. मग समेवर दोन्ही हात एकदम फिरले: डाव्याने जुन्या गाण्याचा खर्ज काढला, उजव्याने नव्याचा आणला. तेव्हा हॉल ओरडला. गाणं तसं अर्धं मिनिट आधीच बदललेलं होतं. लोकांना कळलं ते पायाखालची जमीन बदलली तेव्हा.

दोन खर्ज एकत्र का ठेवत नाहीत? ५० हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. अशा दोन वेगळ्या लाटा एका खोलीत आल्या की कुठे एकमेकींत भर घालतात, कुठे एकमेकींना मारतात, आणि उरतो नुसता गढूळ घुमारा. वरच्या पट्टीतले आवाज सेंटिमीटरांत मोजायचे. ते शेजारी शेजारी सुखाने नांदतात. खर्ज एका वेळी एकाचाच, हा बहुधा या धंद्यातला सगळ्यांत उपयोगी नियम.

आणि खर्ज नुसता कानांनी ऐकतात असंही नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ‘ऑर्फिक्स’ या जोडीचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा जलसा ठेवला होता. प्रेक्षकांच्या डोक्याला हालचाल टिपणाऱ्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. कार्यक्रमभर दर अडीच मिनिटांनी अतिखर्जाचे स्पीकर, ८ ते ३७ हर्ट्‌झचे, गुपचूप चालू-बंद केले जात होते. चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलत होते. स्पीकर केव्हा चालू आणि केव्हा बंद, हे मात्र त्यांना ओळखता येत नव्हतं. २०२२ साली हा निष्कर्ष छापून आला. म्हणजे जो आवाज ऐकू आल्याचं माणूस शपथेवर नाकारेल, तोच आवाज त्याला नाचवत असतो.

१९८० साली रोलंड कंपनीची टीआर-८०८ ही ड्रम मशीन आली आणि ठेका हलायचा थांबला. यंत्र रंगात येत नाही, सैलावत नाही. १२० म्हटलं की रात्र संपेपर्यंत १२०. तोच ठेका मुंबईतही लवकर पोचला होता. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजितसिंग यांनी ८०८, टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर अशी रोलंडचीच यंत्रं जोडली आणि १९८२मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले लोक चक्रावले. शिकागोच्या ज्या ॲसिड हाउस संगीताचा पाया ३०३च्या आवाजावर उभा आहे, ते अजून जन्मायचं होतं तेव्हा एक वादक मुंबईत त्याच यंत्रावर भैरव वाजवून मोकळा झाला होता.

यंत्राच्या ठेक्यावर वाढलेल्या डीजेची परीक्षा आजही जुन्या हिंदी गाण्याशी होते. रात्री एकला कुणीतरी सत्तरच्या दशकातलं पंचमचं गाणं मागतं. ते माणसांनी वाजवलेलं असतं, कडव्यागणिक लय मागेपुढे होते, आणि संगणकाने आखलेली ठोक्यांची जाळी तिसऱ्या ओळीला त्याच्यावरून घसरते. मग बोट पुन्हा कडेला ठेवावं लागतं, ग्रासोसारखं. पुष्कळजण ही भानगड टाळून गाण्याचा रीमिक्सच लावतात. मला तो पळपुटेपणा वाटतो.

ठेके जुळवल्याशिवाय नाच होतच नाही, असं मात्र कुणी समजू नये. गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकांत जे घडलं ते बघा. दमट हवा, ऊन, वाळू. रेकॉर्डी वाकायच्या, सुया बसायच्या. डीजे कॅसेटवर वाजवायचे, नंतर डॅट या छोट्या डिजिटल टेपवर. डॅटच्या नेहमीच्या यंत्राला वेग बदलायची पट्टीच नव्हती, त्यामुळे ठेके जुळवण्याचा प्रश्नच मिटला. मग वेगळा रस्ता निघाला. एक गाणं संपताना ठेका विरून जाऊन नुसता सुरांचा धुरळा उरायचा, त्यातच पुढच्या गाण्याचा धुरळा मिसळायचा, आणि बऱ्याच वेळाने नवा ठेका उगवायचा. गोवा ट्रान्समधल्या लांबलचक, बिनठेक्याच्या सुरुवाती आणि शेवट बरेचसे या सवयीतून आलेत. कॅलिफोर्नियातून येऊन हणजुणेला राहिलेला गोवा गिल डॅटवरच चोवीस-चोवीस तास वाजवायचा. पुढे युरोपातले संगीतकार आलिशान स्टुडिओत बसून तशाच सुरुवाती करायला लागले.

न्यूयॉर्कचा डेव्हिड मॅन्क्युसो तर मनाजोगती सामग्री हाताशी असून मिसळणं सोडून बसला. १९७०पासून तो आपल्या राहत्या जागेत, ‘द लॉफ्ट’मध्ये, निमंत्रितांसाठी पार्ट्या करायचा. दारू विकत नसे. गाणं कलावंताने जसं केलं तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं, मग क्षणभर थांबायचं, मग पुढचं. आवाजाच्या दर्जाबद्दल मात्र तो कमालीचा हट्टी. ट्रेबलचे छोटे स्पीकर त्याने रोझनरकडून बनवून घेऊन नाचणाऱ्यांच्या डोक्यावर टांगले होते. आणि त्याच्याच पार्टीत घडलेला डीजे लॅरी लेवन पुढे १९७७ ते १९८७ ‘पॅराडाइज गराज’ या क्लबमध्ये राज्य करत होता.

म्हणून आजच्या ‘सिंक’ बटणावरून चालणारी हमरीतुमरी मला पटत नाही. पायोनियरची सीडीजे यंत्रं आली, मग पेन ड्राइव्ह आला. आता गाण्याची लय, पट्टी, बत्तिशीच्या खुणा सगळं पडद्यावर रंगीत दिसतं आणि एक बटण दाबलं की ठेके आपोआप जुळतात. जुने म्हणतात, ही लबाडी आहे. असेल. पण या बटणाला पुढचं गाणं कोणतं, ते माहीत नसतं.

आणि खरा डीजे तिथेच ओळखू येतो. रात्री साडेदहाला हॉलमध्ये तीस माणसं असतात, हातात पहिला ग्लास, पाठ भिंतीला. त्या वेळी सगळ्यांत दणकेबाज गाणं लावणारा नवखा असतो. पहिल्या तासाचा डीजे आवाज एवढाच ठेवतो की शेजारच्याशी बोलता यावं. लय ११८-१२०ला धरतो, ओळखीची गाणी राखून ठेवतो आणि मुख्य डीजेच्या यादीतल्या गाण्यांना हात लावत नाही. काठावरचे खांदे हलायला लागले की दोन ठोके वाढवतो. बघायचं ते पुढच्या रांगेतल्या हौशींकडे नाही. ते कशावरही नाचतात. बघायचं काठावर. तिथली माणसं मोबाइल खिशात घालायला लागली की गाडी बरोबर चालली आहे. पाऊण तास सगळे नाचले की मुद्दाम एक सौम्य गाणं टाकायचं, लोक बारकडे जातात, दम खातात, मालकाचा गल्लाही भरतो. आपल्याकडे हे सगळं घाईत उरकावं लागतं. पुण्या-मुंबईत दीडच्या सुमाराला शटर खाली येतं. लेवनकडे सकाळ उजाडून जाईपर्यंत वेळ असायचा, त्यामुळे तो एखादं नवं गाणं लोकांच्या गळी उतरेपर्यंत एका रात्रीत पुन्हा पुन्हा वाजवू शकायचा. इथे तेवढ्या वेळात “दादा, बड्डे आहे, एकच पंजाबी” हेही येतं. हो म्हणायचं, हसायचं, आणि ते गाणं जिथे बसेल तिथेच लावायचं.

मिक्सरवरच्या दिव्यांबद्दल एवढंच: हिरवा चालेल, लाल नाही. लाल लागला की आवाजाच्या लाटांची डोकी कापली जातात. आवाज मोठा होत नाही, कर्कश होतो. आणि कान जपायचे. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल फार तर आठ तास सहन करावेत, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं येतात. क्लबमध्ये १०० ही काही मोठी गोष्ट नाही. म्हणून धंद्यातले लोक फिल्टरचे इअरप्लग घालतात, ते आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा कमी करतात, गढूळ करत नाहीत. आवाजाला कायद्याचीही हद्द असते. गोव्यात पाळोळेला रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरबंदीवर हेडफोन पार्टीचा उपाय निघाला: किनाऱ्यावर शेकडो माणसं, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, दोन-तीन डीजे वेगवेगळ्या चॅनेलवर. हेडफोन काढला की ऐकू येतात फक्त वाळूवर आपटणारे पाय आणि बेसूर गाणारी माणसं.

पुढच्या वेळी क्लबमध्ये गेलात तर हॉलच्या मध्यावर, स्पीकरपासून जरा लांब उभे राहा. झांजेच्या मागे एक नवी, अनोळखी झांज ऐकू आली की डीजेच्या हातांकडे बघा आणि समेपासून मोजायला लागा. बत्तीस झाले की खर्ज बदलेल. नाही बदलला, तर पुन्हा एकपासून मोजा. तो चौसष्टाची वाट बघतोय.